आधी माप, मग मोल: युक्रेनचा कार्बन-बाजार समजून घेताना

24 फेब्रुवारी 2022 च्या मध्यरात्रीनंतर युक्रेनच्या वीज-अभियंत्यांनी आपली वीजजाळी रशिया आणि बेलारूसच्या जाळीपासून तोडली. हे आधीपासून ठरलेलं होतं. तीन दिवस कुणाच्याही आधाराशिवाय देशाची वीज सांभाळून दाखवायची, अशी ती चाचणी होती. युरोपच्या जाळीला जोडून घेण्याआधीची परीक्षाच म्हणा. तीन-चार तासांत रशियाचं आक्रमण सुरू झालं. आता मागे वळून जुन्या जाळीला जोडून घेणं शक्यच नव्हतं. बॉम्ब पडत असताना त्या लोकांनी देशाची वीज एकट्याने तोलून धरली आणि 16 मार्च 2022 ला युक्रेन युरोपच्या वीजजाळीला जोडला गेला. एरवी ज्या कामाला आणखी वर्ष गेलं असतं ते तीन आठवड्यांत झालं.

तार जोडली गेली. पण त्या तारेतून वीज विकायची, किंवा रेल्वेने पोलाद पाठवायचं, तर आता युरोप आणखी एक गोष्ट विचारतो: हा माल तयार करताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, आणि त्याचे पैसे कुणी भरले का? या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून युक्रेन स्वतःचा कार्बन-बाजार उभा करतो आहे. ऐन युद्धात. हे काय प्रकरण आहे, ते कसं चालतं आणि त्यात अडतं कुठे, ते शक्य तितक्या साध्या भाषेत सांगतो.

थोडं माझ्याबद्दल. माझी बरीच वर्षं कारखान्यांच्या ऊर्जा-तपासणीत गेली. बॉयलर, कोळशाचे ढीग, वजनकाटे, लॉगबुकं. त्यामुळे कार्बन-बाजाराकडे मी शेअर बाजाराच्या बाजूने पाहत नाही, वजनकाट्याच्या बाजूने पाहतो. मला वाटतं, ही गोष्ट नीट कळते ती तिथूनच.

कोटा आणि त्याची अदलाबदल

महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्यात राहणाऱ्याला ही कल्पना समजायला अवघड जाऊ नये. 2022-23 च्या हंगामात केंद्र सरकारने 60 लाख टन साखर निर्यातीला परवानगी दिली आणि तो कोटा देशभरच्या कारखान्यांना वाटून दिला. आता उत्तर प्रदेशातल्या कारखान्याला बंदर लांब पडतं, वाहतुकीतच नफा संपतो. कोल्हापूर-सोलापूरकडच्या कारखान्याला बंदर जवळ. मग उत्तरेकडच्या कारखान्यांनी आपला निर्यात-कोटा इकडच्या कारखान्यांना वर पैसे घेऊन दिला. देशाची एकूण निर्यात ठरली होती तेवढीच राहिली. फक्त ज्याला ती स्वस्तात जमते त्याने ती केली.

कार्बन-बाजाराचा गाभा हाच आहे. सरकार ठरवतं की वीजकेंद्रं, पोलाद, सिमेंट, खत अशा मोठ्या धुराड्यांनी मिळून यंदा अमुक इतके टन कार्बन डायऑक्साइडच सोडायचा. तेवढेच परवाने काढले जातात. एक परवाना म्हणजे एक टन. काही परवाने फुकट वाटले जातात, काहींचा लिलाव होतो. वर्ष संपलं की प्रत्येक कारखान्याने जितके टन सोडले तितके परवाने सरकारकडे जमा करायचे. कमी पडले तर बाजारातून घ्यायचे, उरले तर विकायचे. साखरेच्या कोट्याशी फरक इतकाच की इथे एकूण कोटा दरवर्षी आटत जातो. युरोपमध्ये 2024 पासून तो वर्षाला 4.3 टक्क्यांच्या हिशेबाने घटतो, 2028 पासून 4.4 टक्क्यांनी घटेल.

आकड्यांत पाहू, म्हणजे मुद्दा पक्का होईल. हे आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतले आहेत. दोन कारखाने, दोघांचा धूर (म्हणजे इथे कार्बन डायऑक्साइड) वर्षाला 1 लाख टन, दोघांना परवाने 90 हजारांचे. पहिल्याची भट्टी जुनी आहे, ती दुरुस्त केली की टनामागे 30 युरो खर्चात धूर कमी होतो. दुसऱ्याने आधीच बरंच केलेलं आहे, त्याला पुढचा प्रत्येक टन 120 युरोंना पडतो. बाजारात परवान्याचा भाव 70 युरो. पहिला 10 हजारांऐवजी 20 हजार टन कमी करतो, त्याचे 6 लाख युरो जातात. उरलेले 10 हजार परवाने विकून त्याला 7 लाख मिळतात. दुसरा ते विकत घेतो आणि 12 लाखांऐवजी 7 लाखांत सुटतो. धूर 20 हजार टनांनी कमी झालाच, पण खर्च झाला 6 लाख. दोघांनाही सक्तीने दहा-दहा हजार कमी करायला लावले असते, तर तोच धूर 15 लाखांना पडला असता.

आणि परवाने जमाच केले नाहीत तर? युरोपमध्ये टनामागे 100 युरो दंड आहे, तोही महागाईप्रमाणे वाढणारा. वर, दंड भरला म्हणून सुटका नाही. ते परवाने नंतर द्यावेच लागतात.

माप चुकलं की काय होतं

वरचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: कारखान्याने "मी 80 हजार टन सोडले" असं सांगितलं, तर ते खरंच 80 हजार असले पाहिजेत. साखरेचं पोतं काट्यावर ठेवता येतं. धूर ठेवता येत नाही. कार्बन-बाजारात जो माल हातोहात जातो तो म्हणजे एक नोंद, आणि त्या नोंदीवरचा विश्वास. विश्वास गेला की माल गेला.

हे युरोपलाही ठेच लागूनच कळलं. 2005 मध्ये त्यांचा बाजार सुरू झाला, तेव्हा कारखान्यांचा नेमका धूर किती याची पडताळलेली आकडेवारीच नव्हती. सदस्य देशांनी अंदाजाने, बराचसा कारखान्यांच्याच सांगण्यावरून, कोटा ठरवला. 2006 च्या वसंतात पहिल्या वर्षाचे पडताळलेले आकडे बाहेर आले आणि लक्षात आलं की धुरापेक्षा परवानेच जास्त आहेत. 30 युरोंच्या आसपास गेलेला भाव काही दिवसांत कोसळला. 2007 संपताना तो जवळजवळ शून्यावर होता. त्यानंतर परवान्यांच्या खरेदी-विक्रीत व्हॅट बुडवणाऱ्या टोळ्या शिरल्या. युरोपची पोलीस संस्था युरोपोलच्या अंदाजाने त्यात सुमारे 5 अब्ज युरोंचा कर बुडाला. जानेवारी 2011 मध्ये तर नोंदवहीच्या संगणकातून परवाने चोरीला गेले आणि रोखीचा बाजार काही काळ बंद ठेवावा लागला. आज तो बाजार भक्कम दिसतो, फेब्रुवारी 2023 मध्ये भाव 100 युरोंपलीकडेही गेला. पण त्यामागे पंधरा-अठरा वर्षांची डागडुजी आहे.

युक्रेनची गोष्ट याहून बोलकी आहे. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा, 1990 च्या दशकात, युक्रेनचे कारखाने धडाधड बंद पडले. देशाचा धूर दहा वर्षांत निम्म्यावर आला. कुणी धोरण आखून नव्हे, लोकांच्या नोकऱ्या जाऊन. आणि धूर कमी करण्यासाठी देशादेशांत झालेल्या क्योटो करारात युक्रेनला 2008 ते 2012 साठी मिळालेलं लक्ष्य काय, तर 1990 च्या पातळीच्या वर जाऊ नका. म्हणजे काहीही न करता कोट्यवधी टनांची शिल्लक हातात. याला त्या वर्तुळात "गरम हवा" म्हणतात. 2009 मध्ये युक्रेनने त्यातले 3 कोटी टन जपानला विकले. आलेला पैसा हरित कामांवरच खर्च करायचा, अशी अट होती. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि तो पैसा पेन्शनकडे वळवल्याचा आरोप नव्या सरकारने आधीच्यांवर ठेवला. आधीच्यांनी तो नाकारला. त्या वादाचा निवाडा करणं माझं काम नाही, पण पैसा नेमका कुठे गेला हे कागद दाखवून चटकन सिद्ध करता येऊ नये, हेच मला जास्त खटकतं.

दुसरा प्रकार पूर्व युक्रेनमधल्या दोनबासमधला. तिथे कोळशाच्या खाणींशेजारी टाकाऊ दगड-कोळशाच्या प्रचंड टेकड्या आहेत, त्यांना टेरिकॉन म्हणतात. आत उरलेला कोळसा आपोआप पेटतो आणि वर्षानुवर्षं धुमसत राहतो. क्योटोच्या एका योजनेखाली अनेक प्रकल्पांनी दावा केला की आम्ही या टेकड्या खणून कोळसा काढतो, त्यामुळे त्या पेटणं टळतं, त्याचं श्रेय, म्हणजे विकता येणारं क्रेडिट, आम्हाला द्या. आता सांगा, जी टेकडी पेटलीच नाही ती पेटली असती का, आणि पेटली असती तर किती टन जळले असते, हे कोण मोजणार? स्टॉकहोम एन्व्हायरन्मेंट इन्स्टिट्यूटने 2015 मध्ये या योजनेचा अभ्यास केला. योजनेतल्या सुमारे तीन-चतुर्थांश श्रेयांमागे खरी घट नसावी, असा निष्कर्ष निघाला. त्यातला सर्वांत मोठा वाटा युक्रेन आणि रशियाचा होता.

ऑक्टोबर 2011 मध्ये तर क्योटोच्या अनुपालन समितीने युक्रेनचा कार्बन-व्यापाराचा हक्कच स्थगित केला. कारण होतं देशाच्या उत्सर्जन-नोंदीतल्या त्रुटी. धूर जास्त सोडला म्हणून ही कारवाई झाली नव्हती, मोजणी नीट नव्हती म्हणून झाली होती. चुका दुरुस्त केल्यावर मार्च 2012 मध्ये हक्क परत मिळाला. या सगळ्या इतिहासामुळे आजच्या युक्रेनने कार्बन-बाजाराची सुरुवात मोजणीपासून केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोळशाच्या ढिगापाशी

युरोपीय संघाशी झालेल्या 2014 च्या सहकार्य करारातच युक्रेनने असा बाजार उभारायचं कबूल केलं होतं. पण पहिला ठोस कायदा झाला तो डिसेंबर 2019 मध्ये, आणि तोही बाजाराचा नव्हता: मोजणं, कळवणं आणि पडताळणं या तीन कामांचा होता. 1 जानेवारी 2021 पासून तो लागू झाला. या तीन कामांना मिळून जगभर एमआरव्ही म्हणतात.

मोजणं म्हणजे धुराड्यावर यंत्र बसवणं, असं बहुतेकांना वाटतं. तसंही करतात, पण बऱ्याच ठिकाणी धूर न मोजता इंधन मोजतात. किती टन कोळसा जळला, त्या कोळशात उष्णता किती, त्या उष्णतेमागे कार्बन किती, आणि त्यातला किती पूर्ण जळला. चांगल्या प्रतीच्या दगडी कोळशासाठी प्रमाणित आकडे आहेत: टनाला 25.8 गिगाज्यूल उष्णता आणि दर गिगाज्यूलला 94.6 किलो कार्बन डायऑक्साइड. गुणाकार केला की टनभर कोळशातून जवळपास 2.44 टन वायू निघतो. हा आकडा सांगितला की समोरचा हमखास विचारतो, एका टनातून अडीच टन कसे? तर कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. वाढीव वजन त्या ऑक्सिजनचं. 12 किलो कार्बनचे 44 किलो होतात.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो. विदर्भातल्या एका कारखान्यात मी ऐन ऑगस्टमध्ये गेलो होतो. रजिस्टरवरचा जळलेला कोळसा आणि तयार झालेली वाफ यांचा मेळ बसेना. सात-आठ टक्क्यांचा फरक. दोन दिवस आम्ही मीटर तपासत बसलो. मग वजनकाट्यावरच्या जुन्या कामगाराने सहज सांगितलं, "साहेब, पावसात ट्रक भिजून येतात, आम्ही ओल्या कोळशाचंच वजन लिहितो." म्हणजे रजिस्टरमध्ये कोळशाबरोबर पाणीही जळत होतं. ओलाव्याचा नमुना महिन्यातून एकदा घेत होते, तोही ढिगाच्या वरच्या, उन्हाने वाळलेल्या थरातून. कुणी लबाडी केली नव्हती. पण त्या सात टक्क्यांवर 70 युरोंचा भाव लावा आणि वर्षाला 5 लाख टनांचा कारखाना धरा: 35 हजार टन, म्हणजे साडेचोवीस लाख युरो. इतके पैसे एका चुकीच्या नमुन्यावर फिरतात.

म्हणून एमआरव्हीच्या कायद्यात कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींचा भरणा असतो. नमुना कुठून, किती वेळा घ्यायचा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त हवी. मीटर शेवटचं कधी तपासलं. प्रत्येक कारखान्याने आधी देखरेखीची योजना मंजूर करून घ्यायची, वर्षअखेर अहवाल द्यायचा, आणि सरकारशी व कारखान्याशी संबंध नसलेल्या पडताळणीकाराने तो तपासून सही करायची. युक्रेनला असे पडताळणीकार घडवायचेच होते, कारण ही माणसं आयात करून पुरत नाहीत.

आणि मग युद्ध आलं. लष्करी कायदा असेपर्यंत अहवाल देण्याची सक्ती उठवावी लागली, आणि ते योग्यच होतं. पण 2025 च्या सुरुवातीला संसदेने ती सक्ती परत आणली. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये हवामान धोरणाचा पायाभूत कायदा झाला होता, त्यात 2050 पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं लक्ष्य आहे. 2025 मध्येच सरकारने उत्सर्जन-व्यापाराचा कृती आराखडाही मंजूर केला: आधी प्रायोगिक टप्पा, मग खरा बाजार. ज्या देशात वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडतात तिथे हे काम चालू आहे, ही गोष्ट मी सहज ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

पैसे कीव्हला की ब्रसेल्सला

एवढी घाई कशासाठी? एका शब्दात सांगायचं तर सीबॅम. कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम. युरोपचं म्हणणं असं: आमचा पोलाद कारखाना कार्बनचे पैसे भरतो आणि बाहेरून येणारं पोलाद ते न भरता स्वस्तात येतं, हे आम्हाला चालणार नाही. म्हणून सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खत, वीज आणि हायड्रोजन यांच्यावर सीमेवर कार्बनची किंमत. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा हिशेब सुरू झाला.

भार एकदम पडत नाही. युरोप स्वतःच्या कारखान्यांना दिलेले फुकट परवाने हळूहळू काढून घेतो आहे, त्याच गतीने सीबॅम चढतो: 2026 मध्ये 2.5 टक्के, 2030 मध्ये 48.5 टक्के, 2034 मध्ये पूर्ण. टनभर पोलादामागे 2 टन धूर आणि 70 युरो भाव धरला, तर ढोबळमानाने 2026 मध्ये साडेतीन युरो, 2030 मध्ये 68 आणि 2034 मध्ये 140. शिवाय युरोपच्या मापदंडापेक्षा जास्त धूर सोडणाऱ्याला त्या जादा भागाचे पैसे पहिल्या वर्षापासून पूर्ण भरावे लागतात. युक्रेनला हे झोंबतं. जगाने केव्हाच मोडीत काढलेल्या उघड्या चुलीच्या, म्हणजे मार्टेन पद्धतीच्या पोलाद-भट्ट्या तिथे अजून शिल्लक आहेत.

आता यातली कळीची तरतूद. माल जिथे तयार झाला त्या देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल, तर ती सीबॅममधून वजा होते. म्हणजे पोलाद कारखान्याला पैसे भरायचेच आहेत. प्रश्न एवढाच की ते कीव्हच्या तिजोरीत जाणार की ब्रसेल्सच्या. कीव्हमध्ये राहिले तर त्यातून भट्ट्या बदलता येतील, फुटलेली वीजकेंद्रं नव्या पद्धतीने बांधता येतील.

पण युक्रेनमध्ये कार्बन-कर आधीपासून आहे ना, असं कुणी विचारेल. आहे. 2019 मध्ये तो टनाला 10 रिव्निया झाला, 2022 पासून 30 रिव्निया. आपल्या रुपयांत साधारण साठ-पासष्ट. युरोपच्या भावापुढे तो एक टक्काही भरत नाही. वजा करायला गेलं तर हाती काहीच लागत नाही.

आणि इथे खरी कोंडी होते. नवा बाजार सुरू करताना उद्योग दुखावू नयेत म्हणून बरेच देश सुरुवातीला बहुतेक परवाने फुकट देतात. युरोपनेही दिले. पण फुकट मिळालेल्या परवान्याची किंमत भरलेली नसते, म्हणून सीबॅममधून वजाही होत नाही. युक्रेनने सौम्य सुरुवात केली तर निर्यातदाराला सीमेवर सूट मिळत नाही. कडक सुरुवात केली तर देशातच सिमेंट विकणारा कारखाना, ज्याचा सीबॅमशी संबंध नाही, तोही भरडला जातो. आणि त्या देशाला येत्या काळात घरं बांधायला सिमेंटच सर्वांत जास्त लागणार आहे. माझ्या मते मधला रस्ता एकच आहे: थोडे परवाने तरी पहिल्या दिवसापासून लिलावात काढावेत आणि आलेला पैसा त्याच कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी, उघड हिशेबाने, बाजूला ठेवावा. जपानकडून आलेल्या पैशाचं जे झालं त्यानंतर तो हिशेब उघडाच असायला हवा.

बाल्कनमधल्या मॉन्टेनेग्रोचाही अनुभव आहे. युरोपात जाण्याच्या ओढीने त्या छोट्या देशाने 2020 मध्येच आपला बाजार काढला, परवान्याला किमान 24 युरो भावही ठरवला. पण त्यात सामील होते तीन कारखाने: प्लेव्ह्ल्याचं कोळशावरचं वीजकेंद्र, एक ॲल्युमिनियमचा आणि एक पोलादाचा. तीन दुकानांचा बाजार भरत नाही. तिथे भाव ठरायला पुरेसे घेणारे-विकणारेच नाहीत. युक्रेन त्या मानाने मोठा देश आहे, तरी स्वतंत्र बाजार हा त्याच्यासाठीही मुक्कामाची जागा नाही. सदस्य झाल्यावर हे कारखाने युरोपच्याच बाजारात जाणार. नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन 2008 मध्ये तसे गेले, स्वित्झर्लंडने 2020 मध्ये आपला बाजार जोडून घेतला.

कोणतं वर्ष धरायचं?

सर्वांत अवघड गाठ शेवटी ठेवली आहे. एकूण कोटा ठरवायचा म्हणजे मागचं एखादं वर्ष पाया म्हणून धरावं लागतं. युक्रेनने कोणतं धरावं?

2021 मध्ये देशाने 2 कोटी 14 लाख टन पोलाद तयार केलं. 2022 मध्ये 63 लाख टन. मारियुपोलमधले आझोव्हस्ताल आणि इलिच हे दोन अवाढव्य कारखाने लढाईत उद्ध्वस्त झाले, शहर ताब्यातून गेलं. 2024 मध्ये उत्पादन 76 लाख टनांवर आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कीव्हजवळचं त्रिपिल्ल्याचं औष्णिक वीजकेंद्र हल्ल्यात नष्ट झालं.

पाया म्हणून 2021 धरला, तर जे कारखाने उरलेलेच नाहीत त्यांच्या नावचे परवाने बाजारात येतात. 1990 च्या गरम हवेचीच पुनरावृत्ती: भाव शून्यावर, आणि युरोपच्या नजरेत पत शून्यावर. 2024 धरला, तर युद्ध थांबून कारखाने उठू लागतील त्या दिवशी त्यांना परवाने कमी पडतील. ज्याचं घर जळलं त्यालाच चूल पेटवायला दंड, असं होईल. एक मार्ग असा की एकूण धुराऐवजी टनभर मालामागच्या धुरावर कोटा बांधायचा. भारताच्या 2023 च्या कार्बन क्रेडिट योजनेत तसंच आहे. उत्पादन वाढलं तरी चालतं, दर टनामागचा धूर घटला पाहिजे. वाढत्या किंवा सावरत्या अर्थव्यवस्थेला हे झेपतं. पण युरोपचा बाजार एकूण धुरावर चालतो, आणि युक्रेनला जायचं आहे तिथे. म्हणजे पहिली काही वर्षं टनामागच्या हिशेबाने चालून नंतर एकूण कोट्यावर यायचं, असा दोन पायऱ्यांचा जिना मला जास्त माणुसकीचा वाटतो. निर्णय अर्थात तिथल्या लोकांचा.

आपल्याकडच्या वाचकाला हे लांबचं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. सीबॅमच्या यादीत नट-बोल्ट आणि स्क्रूसुद्धा आहेत. एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये बोल्ट बनवून जर्मनीला पाठवणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या उद्योजकाला तिकडच्या खरेदीदाराकडून तक्ता आला: तुमच्या तारेचं पोलाद कोणत्या भट्टीतलं, टनामागे धूर किती, वीज किती युनिट. तो तक्ता घेऊन ते माझ्याकडे आले होते. शेडची वीजबिलं त्यांनी फाइलला लावून ठेवली होती, ती चटकन निघाली. पोलादाचा आकडा मात्र पुरवठादाराकडे नव्हता, आणि बोल्टच्या धुराचा बहुतेक भाग त्या पोलादातच असतो.

युक्रेनच्या विजेपुढेही असाच एक तक्ता आहे, फक्त मोठा. सीबॅमच्या नियमांत एक सवलत लिहिलेली आहे. ज्या देशाचा वीजबाजार युरोपच्या बाजाराशी पूर्ण जोडलेला आहे, ज्याने 2050 ची कार्बन-तटस्थता मान्य केली आहे, आणि जो 1 जानेवारी 2030 पर्यंत विजेसाठी युरोपच्या तोडीच्या भावाचा उत्सर्जन-व्यापार सुरू करेल, त्याच्या विजेला सीमेवर कार्बनची किंमत लागणार नाही. तार 2022 मध्ये जोडली गेली. तटस्थतेचं लक्ष्य कायद्यात आलं. आता वीजकेंद्रांमध्ये, जी उभी आहेत त्यांमध्ये, कुणीतरी सायरन थांबल्यावर कोळशाच्या ढिगावर चढून खालच्या थरातला नमुना पिशवीत भरतं आहे, आणि पिशवीवर तारीख घालतं आहे.